एक जागा रिक्त

आमच्या लालबागच्या चाळीतले अण्णा परब तसे साधे गृहस्थ. "जेवलात का?" विचारलं तर "जेवलो" म्हणतील. फक्त "घरी कोण कोण असतं?" एवढं विचारू नका. ते मान ताठ करून सांगतील, "आमची खोली द्विसदस्य मतदारसंघ आहे. सध्या एक जागा रिक्त."

नवीन लग्न होऊन मी चाळीत आले, तेव्हा मलाही हेच उत्तर मिळालं. मला वाटलं, अण्णांना भाडेकरू ठेवायचाय. माझा मावसभाऊ तेव्हा खोली शोधत होता. मी त्याला अण्णांसमोर उभा केला. अण्णांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वैनी, ही जागा महिला राखीव आहे."

मावसभाऊ अजून मला त्यावरून बोलतो.

पुढे कळलं, की पहिल्या निवडणुकांत काही मतदारसंघांतून खरोखरच दोन-दोन खासदार जात. अण्णांना या दिल्लीच्या इतिहासाचा भारी नाद. गॅलरीत दात घासताना तोंडात फेस असतानाच ते सुरू होत. "आधी गुजरातचे नि आपले खासदार एकाच राज्याचे. मग वेगळं बिऱ्हाड झालं. भांडी वाटून घेतली. राज्यसभेचे वेगळे, ते पोस्टाने येतात." यातलं खरं किती आणि फेस किती, ते मला कधीच कळलं नाही.

त्यातून ते खासदारांची नावं सांगत नसत. टोपीवाले, वकील, चष्मेवाले, पुन्हा चष्मेवाले. "आमचं लग्न चष्मेवाल्यांच्या वेळी झालं." "पहिल्या की दुसऱ्या?" "मधल्या!" शिवाय लालबागचा खासदार तोही "आपला" आणि कोकणातला तोही "आपला". कोकणातल्या आपल्याने रस्त्याचा प्रश्न विचारला की मी आमच्या गल्लीत डांबर शोधायची.

दोन खासदारांचं कारण म्हणजे परबवहिनी. अण्णा गिरणीत साचे खात्यात, मागावर होते. संप झाला, लांबला, चूल पेटेना, तेव्हा वहिनी कणकवलीजवळच्या गावी सासूकडे गेल्या. एसटीत चढताना म्हणाल्या, "संप मिटलो की येतंय."

आता तुम्हीच सांगा, तो मिटला कधी? गिरण्या बंद झाल्या, माणसं पांगली, कुणी वॉचमन झालं, कुणी भाजी विकायला बसलं. पण "संप मिटला" असं कुणी जाहीर केलंच नाही. वहिनी शब्दाच्या पक्क्या, त्या तिकडे थांबल्या. सासूबाई गेल्या तरी थांबल्या. अण्णाही कमी हट्टी नाहीत. "संप चालू असताना मी मुंबई सोडली तर मी संपातून फुटलो म्हणतील." गणपतीला तेवढे जात. मला म्हणत, "गणपतीची रजा संपात बसते, वैनी."

म्हणून अधिवेशन लागलं की ते रेडिओला कान लावून बसत. कुणीतरी आपला दिल्लीत उठेल, विचारेल, आणि मंत्री सांगतील, संप मिटला. "एकदा पटलावर आलं की झालं. तिला कळवायचं."

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, गिरणी पाडून मॉल झाला. आता मिटायचं काय राहिलंय?"

"गिरणी वेगळी, संप वेगळा."

मी घरी येऊन बराच विचार केला. शेवटी आमचे हे म्हणाले, भाजी करपतेय.

मग मतदारसंघांची फेररचना झाली. आम्ही इतकी वर्षं दक्षिण-मध्य होतो, ते नुसते दक्षिण झालो. "चाळ हलली नाही, नळ हलला नाही, नि आपण दक्षिणेला गेलो!" अण्णा हवालदिल. "तिला पत्ता कसा सापडणार?"

त्याच निवडणुकीत एक तरुण उमेदवार ढोल घेऊन चाळीत आला. कुणी पाणी मागितलं, कुणी संडासाचे दरवाजे. अण्णांनी हात वर केला. "माझा तारांकित प्रश्न आहे. संप मिटला का?"

"कुठला? टॅक्सीवाल्यांचा?" तो गोंधळला. पोरं हसली. म्हातारी माणसं हसली नाहीत. ते बघून त्याने घाईने हात जोडले. "मिटला, काका, मिटला!"

अण्णा थेट आमच्या घरी, फोनपाशी. नंबर मी फिरवला.

"अगो, मिटलो!"

"कोण म्हणता?" वहिनींचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता.

"खासदारकेक उभो असा तो."

"उभो असा? मगे बसलो की सांगा."

झालं. अण्णा त्या पोराच्या प्रचाराला लागले. त्याच्याच माणसांना कळेना, हा म्हातारा कुठल्या पक्षाचा. दारोदार एकच वाक्य, "त्याला निवडून द्या, तो एक वाक्य बोलणार आहे." मीही मत त्यालाच दिलं, उगाच कशाला खोटं बोलू?

तो पडला. चांगलाच आपटला.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मी अण्णांना हाक मारली.

"पडलो?"

"पडलो."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. अण्णा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे. मग वहिनी म्हणाल्या, "मगे आता कोणाची वाट बघूची? परवा सकाळी दादराक उतारतंय. घेवक येवा."

त्या सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात.

"वैनी, दादर दक्षिण-मध्यातच राहिलं ना? दुसऱ्याच्या मतदारसंघात जाऊन उभं राहायचं म्हणजे..."

"राहा हो उभे. बिनविरोध निवडून याल."

ते जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. चेहरा पार गोंधळलेला.

"पण संप तर मिटला नाही. मग ती येते कशी?"

"फुटली, अण्णा," मी म्हटलं.

या एका शब्दाच्या धास्तीने त्यांनी आख्खं आयुष्य एकट्याने काढलं होतं. मला वाटलं, आता चिडतील. अण्णांनी कठडा धरला, इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना, आणि अगदी हळू विचारलं,

"माझ्यासाठी फुटली?"