भाऊंचा मुकटा आणि एकवीस बटवे

मी हातात घेतलेलं काम आजवर कधी बिघडलेलं नाही! ठाण्याच्या कचेरीत कोणालाही विचारा. माझ्या कागदात खाडाखोड सापडली तर मिशी उतरवीन, असं मी भर कचेरीत म्हटलेलं आहे, आणि मिशी अजून जागेवर आहे. तेव्हा लग्नासाठी एकवीस बटवे शिवायचे म्हटल्यावर मी शिंप्याकडे कशाला जाऊ?

लग्न माझ्या पुतणीचं, गोदेचं. स्थळ कल्याणचं. तिची होणारी सासू रंगूबाई अशी, की वाऱ्याशी भांडेल! मागच्या एका लग्नात कोणाच्या मुठीत किती पडलं, हे तिने मांडवभर मोजून सांगितलं होतं. म्हणून मी ठरवलं, वरपक्षाच्या मानकऱ्यांना पैसे द्यायचे ते रेशमी बटव्यात घालून. वरून सगळे सारखे. बोल म्हणावं आता!

महिपत शिंपी हसला. "भाऊ, मी देतो की शिवून. दोन दिसांचं काम."

"दोन दिवस? मी एका दुपारात उरकतो!"

"मग हे अंगुस्तान तरी बोटात घालून शिवा."

"बोटं काय आज पहिल्यांदा वापरतोय?" असं म्हणून मी ताठ मानेने घरी आलो.

आता एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. गोदेचा बाप, माझा थोरला भाऊ हरिहर, चार वर्षांपूर्वी पटकीने गेला. जाताना माझा हात धरून म्हणाला, "त्र्यंबका, पोरीचं कन्यादान तू कर. पण माझा मुकटा नेसून कर. म्हणजे मीही तिथे असल्यासारखं होईल." मी शब्द दिला. पूजेला नेसायचा त्याचा तो रेशमी मुकटा चार वर्षं आमच्या वळणीवर होता. त्याला कोणी हात लावत नसे. शेजारी माझा मुकटा, त्याच ठाणातला, पण कसरीने चाळण केलेला. तोच फाडून बटवे करायचे ठरले.

आणि आमच्या घरातला घोळही ऐकून घ्या. गोदा आपल्या बापाला भाऊ म्हणायची. मला सारा नौपाडा भाऊ म्हणतो, एकटी गोदा काका म्हणते. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून आमचं कुटुंबही मला लोकांसारखंच भाऊ म्हणतं.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात सोवळ्याने अनारसे तळत होती. तिथूनच ओरडली, "गोदे, भाऊंचा मुकटा काढून दे गं वळणीवरनं! फाडायचाय, बटवे करायला!"

बऱ्याच वेळाने गोदा आली. दोन्ही हातांवर मुकटा धरलेला. मी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवत होतो.

"काका, हाच फाडायचा?"

"हाच! ठेवून काय करायचाय? नेसणारा काही आता तो नेसत नाही!"

म्हणजे मी हो! मी माझ्याबद्दल बोलत होतो!

गोदेच्या डोळ्यांत पाणी दिसलं तसं मी विचारलं, "काय गं?"

"अनारशांचा धूर."

"बरं, ते टोक धर."

तिने टोक धरलं आणि मी टर्रकन फाडला. कसरीची भोकं कुठे दिसेनात, तर म्हटलं, वा, नशीब जोरावर आहे!

संध्याकाळपर्यंत माझे तीन बटवे झाले आणि सात वेळा सुई टोचली. पहिला बटवा तर करंजीसारखा झाला, फक्त तोंड कुठे ते कळेना. उरलेले अठरा गोदेने शिवले. काय ते बारीक टाके! मधूनच झालेला बटवा गालाला लावून बसायची. रेशीम मऊ लागतं पोरींना, असं मला वाटलं. बाप्यांना अक्कल देवाने जरा हात राखूनच दिली आहे.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड दारात, भटजी मांडवात, बटवे भरून तयार. कुटुंबाने काठीने वळणीवरचा मुकटा काढला आणि उजेडात धरला.

"अहो, हा तर तुमचा! कसरीने खाल्लेला! मग फाडलात कुठला?"

मेलेल्या भावाला दिलेला एकच शब्द, आणि त्याच्या मी चिंध्या केल्या होत्या. आतल्या खोलीत गोदा मुंडावळ्या बांधून बसली होती. मी तिच्यासमोर मटकन बसलो.

"गोदे, अगं बोलली का नाहीस?"

"विचारलं की मी. तुम्ही म्हणालात, ठेवून काय करायचाय. मला वाटलं, मोठ्यांनी ठरवलं असेल."

मी हुंदके देऊन रडलो. पन्नाशीचा माणूस, पण लाज वाटली नाही. बाहेरून भटजी ओरडले, "घटका भरत आली! कन्यादान करणारे कुठायत?"

गोदेने डोळे पुसले, एक दोरी घेतली आणि एकवीसच्या एकवीस बटवे तिच्यात ओवले. "काका, तुमचा मुकटा नेसा. हे वरून कमरेला बांधा. भाऊ आले म्हणजे झालं."

असा मी मांडवात आलो. पावलागणिक छुन छुन, नंदीबैल आल्यासारखा! भटजी कडाडले, "अहो, शिवलेलं वस्त्र सोवळ्यात चालत नाही!"

"नेसलो कुठे? बांधलंय. आणि अस्सल रेशीम आहे."

भटजींनी त्यातला एक फुगलेला बटवा निरखला. "रेशीम... मग हरकत नाही."

"हा कुठला हो रिवाज?" रंगूबाईंनी विचारलंच.

"आमच्यात असतो!" कुटुंबाने मागून ठणकावलं.

गोदेच्या हातावर पाणी सोडताना कमरेला ते ओझं जाणवत होतं. दादा होता तिथे. शपथेवर सांगतो, होता.

पुढे बटवे वाटायला माझा हात होईना. पैसे काढून एकेकाच्या मुठीत दिले आणि रिकामे बटवे गोदेच्या पेटीत ठेवले. रंगूबाईंनी मांडवभर मोजून सांगितलं, कोणाला किती ते!

पुढच्या माघात कल्याणला रंगूबाईंच्या भाच्याच्या लग्नाला गेलो. बघतो तर मुलीचा बाप कमरेला एकवीस बटवे बांधून छुन छुन करत मांडवात! कोपऱ्यात महिपत शिंपी. हळूच म्हणाला, "भाऊ, ठाण्याचा कुळाचार म्हणून सांगितलं. लई मागणी आहे!"

"आमच्या व्याह्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय," रंगूबाई बायकांना सांगत होत्या. "काय हो व्याही, खरं ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यात गोदा, तोंडात पदर कोंबून हसणारी. तिच्या कमरेला एक पिवळट बटवा खोचलेला. करंजीसारखा.

मी मुकाट्याने मान डोलावली. त्या बटव्याची शिवण दोन्हीकडून उसवली होती!