मुदपाकखान्याचा तवा घासिला त्याची हकीकत

श्रीगणेशास नमन, अन्नपूर्णेस नमन, आणि चुलीपुढे बसणाऱ्या हातांस त्याहून चार बोटे वाकून नमन करून लिहितो ते ऐसे जे, शके सोळाशे सत्तावन्न, राक्षसनाम संवत्सरे, माहे पौष, एके राज्यी, ज्याचे नाव सांगितल्यास आमची मान जागेवर राहणार नाही, तेथील महाराज बहुत प्रतापी होते आणि तो प्रताप सकाळची चार घावने पोटात गेल्याखेरीज सुरू होत नसे. घावने काढावयास मुदपाकखान्यात बयाबाई होती. तिचे सासूने मरणसमयी बिडाचा तवा तिचे हाती दिधला आणि म्हणाली, "दागिनं थोरलीला, तवा तुला. त्याला चिंच लावू नगंस, न्हाईतर माझा जीव आढ्याला घुटमळंल." तेव्हापासून तेवीस वर्षे बयाबाई तो तवा ऊन पाण्याने धुई आणि निखाऱ्यावर कोरडा करी आणि नारळाची शेंडी तेलात बुडवून त्यावर फिरवी. तवा काळाभोर, गुळगुळीत जाहला होता. पीठ घातले की घावन आपण होऊन कडा सोडी. बयाबाईस मूलबाळ नव्हते. सारा जीव त्या तव्यात होता, हे ती कोणास सांगत नसे.

ऐसे असता रंगो भास्कर नामे नवे कारभारी जाहले आणि त्यांनी स्वच्छतेची मोहीम काढिली. आधी हत्तीस शिकेकाई लाविली, मग घोड्यांचे खूर घासविले, मग किल्ल्याचे बुरुज पुसविले, आणि पुसण्यास काही उरेना तेव्हा नाकास शेला लावून मुदपाकखान्यात शिरले. तांब्यापितळेची भांडी लखलखत होती, एक तवा मात्र काळा.

"हे काय?"

"तवा, सरकार."

"तवा दिसत नाही. मळ दिसतो. किती वर्षांचा?"

"माझ्या सासूच्या सासूपास्नं."

"तीन पिढ्यांचा मळ! आणि महाराज तो भक्षितात!"

"सरकार, त्यो मळ न्हवं," बयाबाई कळवळून म्हणाली. "तेल जळून जळून त्याच्या अंगात मुरलंय. त्ये गेलं तर घावन सुटायचं न्हाई."

रंगोपंत हसले. त्यांनी आयुष्यात चूल दुरूनच पाहिली होती, यास्तव त्यांस कसलीच शंका आली नाही. त्यांनी सहा असामी नेमिले आणि विटेची भुकटी, चिंच आणि नदीची वाळू घेऊन दोन रोज तवा घासविला. बयाबाई उंबऱ्याशी पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. प्रत्येक खरवड्यासरशी तिच्या अंगावर काटा येई. तवा पांढुरका निघाला, दरबारात मिरविला, रंगोपंतांस शालजोडी मिळाली, आणि सहा असामी तवा ओलाच टाकून जेवावयास गेले.

दुसरे दिवशी तवा तांबूस जाहला होता. बयाबाईने गंज काढून पीठ घातले तो पहिले घावन चिकटले, दुसऱ्याच्या चिंध्या जाहल्या, तिसरे उलथन्यासच धरून बसले. महाराज उपाशी दरबारात आले आणि दोन प्रहरांच्या आत तीन मंत्री काढिले आणि दोन शेजाऱ्यांशी युद्ध पुकारिले. मग रंगोपंतांचे तोंडचे पाणी पळाले आणि ते म्हणाले, "महाराज, तवाच फितूर आहे. तोफखान्यात वितळवावा, दोन गोळे होतील."

बयाबाई कधी दरबारात आली नव्हती, ती धावत आली. "महाराज, आठ दीस द्या. आठव्या दिशी घावन सगळंच्या सगळं निघालं न्हाई, तर तवा वितळवा आन् मला वेशीभाईर घाला."

महाराजांचे पोट भुकेले होते, म्हणून न्याय लवकर जाहला. आठ दिवस मिळाले.

मग बयाबाईने तवा पुन्हा धुतला आणि लागलाच विस्तवावर कोरडा केला आणि जवसाचे तेल फडक्याने चोळिले आणि तेच तेल दुसऱ्या फडक्याने असे पुसून काढिले की लाविलेच नाही वाटावे, आणि धूर निघून थांबेतो तापविला, आणि निवविला, आणि पुन्हा तेच. तिसरे रोजी तवा पिंगट जाहला. चौथे रोजी रंगोपंतांस राज्याची कळकळ येऊन त्यांनी, बयाबाई पाण्यास गेली असता, घागरभर तेल तव्यावर ओतविले, की काम लवकर व्हावे. तवा गुळाच्या पाकासारखा चिकट जाहला. बयाबाई तेथेच बसून रडली, आणि मग डोळे पुसून चिकटा खरवडू लागली. "सासूबाय," ती तव्यासच म्हणाली, "मला येक डाव हात द्या."

आठवे रोजी दरबार भरला. चूल मध्ये मांडिली. तवा पुरता काळा नव्हता. बयाबाईने शेंडी फिरविली आणि पीठ घातले आणि झाकण ठेविले आणि सारे मुत्सद्दी झाकणाकडे पाहू लागले. झाकण काढिले तो घावन हलेना. रंगोपंत खाकरले. बयाबाई म्हणाली, "घाई नगा. त्याचं त्याला सुटू द्या." ती चार श्वास थांबली, आणि मग कडा उचलली, आणि घावन सगळेच्या सगळे सुटले. महाराजांनी ते खाल्ले आणि दोन्ही युद्धे मागे घेतली.

मग महाराजांनी तवा कोणी घासू नये ऐसा हुकूम ताम्रपटावर कोरवून मुदपाकखान्यात टांगविला. परंतु रंगोपंतांची मोहीम चालूच होती, म्हणून सहा असामींनी तो ताम्रपट रोज चिंच लावून ऐसा घासिला की वर्षात एक अक्षर उरले नाही. पुढे रंगोपंत गेले आणि दुसरे कारभारी आले आणि तेही नाकास शेला लावून आत शिरले. कोऱ्या ताम्रपटावर खूश होऊन त्यांनी काळ्या तव्याकडे बोट केले आणि तोंड उघडिले. बयाबाईने त्या उघड्या तोंडात ऊन ऊन घावन घातले. कारभारी चावीत राहिले. मग त्यांनी दुसरे मागितले.

सारांश, त्या राज्यात आजतागायत नव्या कारभाऱ्यास पहिला हुकूम देण्याआधी मुदपाकखान्यात नेऊन घावन चारितात, आणि तवा काळाच आहे. इतकी हकीकत.