दुःखी विद्यार्थिनी पैदा केली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, शारदा प्रसन्न, आणि दूरदेशींचे परीक्षकमंडळ तेही प्रसन्न असो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, ते दिवशी एका थोर विद्यापीठाच्या राज्यात जे घडले ते डोळां देखिले तैसे लिहितो. कोणास झोंबले तर झोंबो. लिहिणारास आता बढतीची आशा उरली नाही.

त्या राज्याचे धनी कुलगुरू महाराज. मोठे प्रजावत्सल. गादीवर बसताच त्यांनी आज्ञा केली की, आपल्या राज्यात लेकरे लांबलांबच्या मुलखांतून येतात, त्यांस घरची आठवण होते, अभ्यासाचा घोर लागतो, तर त्यांचे अश्रू पुसावयास एक महाल असावा. मग महाल बांधिला, आणि त्यास 'विद्यार्थी सहाय्य महाल' ऐसे नाव दिले, आणि काचेचे दार बसविले, आणि आत मऊ खुर्च्या मांडिल्या, आणि कोपऱ्यात बांबूचे झाड ठेविले, आणि मेजावर डोळे पुसावयाचे कागद ठेविले, आणि त्या महालावर राजश्री यशोधरपंत टिपरे यांची समुपदेशक म्हणोन नेमणूक जाहली. आणि गावोगावच्या आईबापांस धीर यावा म्हणोन दर शनिवारी प्रत्येकाच्या मोबाईलवर सरकारातून निरोप जाऊ लागला की, 'आपला पाल्य आनंदात आहे.' पाल्यास विचारावयाची चाल नव्हती. निरोप यंत्र पाठवी, आणि यंत्रास शनिवार तेवढा कळत असे.

तथापि राज्याचा एक दंडक ऐसा होता की, महालात जो पाऊल घालील तो दुःखी म्हणोन धरावा, आणि दुःखी वाढले की राज्याची श्रेणी घटावी. श्रेणी म्हणजे काय, तर काही वर्षांनी एकदा परीक्षकमंडळ येते, राज्य पाहाते, यथेच्छ जेवते, आणि एक अक्षर देऊन जाते. त्या अक्षरात महाराजांचा जीव अडकलेला. म्हणोन टिपरेपंतांनी बहुत चातुर्याने महाल रिता राखिला. कोणी आला की दारातच म्हणावे, 'विभागप्रमुखांची चिठ्ठी आण.' चिठ्ठी आणिली तर म्हणावे, 'आज ताणतणावावर कार्यशाळा आहे, आज भेट नाही.' आणि तरीही कोणी हटून उभा राहिला तर म्हणावे, 'जरा हसून बघ, बरं वाटेल.' ऐसे करिता महाल बांधिल्यापासून एकही दुःखी आत शिरला नाही, आणि खुर्च्यांवरील प्लास्टिकही निघाले नाही. महाराज संतोष पावले आणि भर दरबारी पंतांस शाल दिधली.

त्याच राज्यात मृदुला खटके नामे मुलगी अभियांत्रिकी शिकावयास आली होती आणि वसतिगृहात राहात होती. तिची आई कुसुमबाई. नवऱ्यामागे त्या लहानशा गावी मिरची-मसाल्याचे कांडप चालवीत आणि एकुलत्या लेकीस शिकवीत. या मुलीस पावसाळ्यापासून झोप नाही. ताट पुढे आले की घास उतरेना, आणि वर्गात बसली की छाती धडधडे आणि फळ्यावरचे काही उमगेना. आईस फोनवर सांगावे, तर आईच आधी म्हणे, 'तुमच्या कॉलेजचा मेसेज आला गं. छान चाललंय ना तुझं?' मग लेक म्हणे, 'हो, छान.' आणि फोन ठेवून महालाबाहेरच्या बाकावर येऊन बसे. पंतांनी तिजवर चिठ्ठी, कार्यशाळा आणि हास्य हे तिन्ही उपाय योजिले, तरी ती रोज येई. तिला इतकेच हवे होते की, कोणी तरी समोर बसावे आणि तिचे ऐकून घ्यावे. एवढीशी मागणी, आणि एवढ्या थोरल्या राज्यात तिची सोय नव्हती, याचा आम्हांस आजही संताप येतो.

ऐशात परीक्षकमंडळाचा खलिता आला की, आम्ही येत आहो, आणि तुमचा सहाय्य महाल चालता पाहू. 'चालता' म्हटल्यावर महाराजांचे धाबे दणाणले. त्यांनी कारभारी दिनकरराव भोईटे, जे राज्याचे कुलसचिव, त्यांस बोलाविले आणि म्हणाले, 'भोईटे, महाल आहे, समुपदेशक आहे, झाडसुद्धा आहे. दुःखी कुठाय?' भोईटे म्हणाले, 'सरकार, आपल्या कृपेनं एकही नाही.' महाराज म्हणाले, 'मग एक पैदा करा.' मग नाट्यविभागात दवंडी पिटली, आणि एक मुलगा आला, तो ऐसा ओक्साबोक्शी रडला की खालच्या मजल्यावरील कारकून पाणी घेऊन धावले. महाराज म्हणाले, 'इतकं नको, मंडळ घाबरेल.' मग एक मुलगी आली, ती रडता रडता केस सावरी आणि कोण पाहाते ते पाही. तीही नापसंत जाहली. मग भोईटे कपाळ पुशीत महालापाशी आले, तो बाकावर मृदुला. तोंड उतरलेले, डोळ्यांखाली काळे. भोईटे हर्षले आणि पंतांस म्हणाले, 'अहो पंत, काखेत कळसा नि गावाला वळसा.' मग तिजला पुढे बोलाविले आणि सांगितले, 'पोरी, मंडळासमोर दुःखी व्हायचंय. जमेल?' ती म्हणाली, 'सर, मी खरंच...' भोईटे म्हणाले, 'अगदी अस्संच. हाच सूर ठेव.' तिने विचारिले, 'मी बोलल्यावर ऐकतील ना?' पंत म्हणाले, 'ऐकतील म्हणजे काय, सगळं सभागृह ऐकेल.' तेव्हा ती कबूल जाहली.

इकडे पालक-संपर्क कचेरीस हुकूम सुटला की, पहिल्या रांगेत संतुष्ट आईबाप बसवावे. कचेरीने पाहिले की, शनिवारच्या निरोपास न चुकता हात जोडल्याचे चित्र कोण धाडते, आणि त्यांत कुसुमबाई अग्रणी निघाल्या, सबब त्यांस मानाचे बोलावणे गेले. आता दुःखी निवडणारी कचेरी वरच्या मजल्यावर, संतुष्ट निवडणारी खालच्या, आणि उभयतांत एका एसीवरून जुने वैर, आणि वैर ऐसे की एकमेकींच्या जिन्यानेही चढत नसत. म्हणोन दुःखी कोणाची लेक आणि संतुष्ट कोणाची आई, याचा मेळ कोणी घातला नाही. आणि कुसुमबाईंनीही लेकीस चकित करावे म्हणोन तिजला कळविले नाही, आणि मसाल्याच्या पुड्या घेऊन थेट सभागृही येऊन बसल्या.

मग मंडळ आले, तुतारी वाजली, आणि महालातील खुर्च्या प्लास्टिकासकट व्यासपीठावर आणोन मांडिल्या. टिपरेपंत एका खुर्चीत बसले आणि मधाळ सुरात म्हणाले, 'बोल बाळ, मन मोकळं कर.' मृदुलेने खाली पाहात सांगितले, 'मला झोप येत नाही सर. जेवण जात नाही. वर्गात सगळ्यांना कळतं, मलाच काही कळत नाही. मी कुणाला सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून मी छान आहे म्हणते. मला आता छान म्हणायचा कंटाळा आलाय.' हे ऐकताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट जाहला, आणि मंडळाचे प्रमुख शेजाऱ्यास म्हणाले, 'काय सहज करतेय पाहा.'

तो पहिल्या रांगेतून कुसुमबाई उठल्या आणि म्हणाल्या, 'टाळ्या काय वाजवताय? ती माझी मुलगी आहे.' लोकांस वाटले हाही प्रवेशच, म्हणोन आणखी टाळ्या पडल्या. कुसुमबाई म्हणाल्या, 'अहो, हिला नाटक येत नाही. शाळेच्या गॅदरिंगला हिला झाड केलं होतं, तर तिथंसुद्धा फिदीफिदी हसली. हिला खोटं काही करताच येत नाही.' तेव्हा सभागृह हसोन लोटपोट जाहले. मग त्या माउलीने कोणाकडे पाहिले नाही. ती पायऱ्या चढोन वर गेली, पंतांस म्हणाली, 'तुम्ही उठा जरा,' आणि त्यांच्या खुर्चीत बसोन लेकीचे हात धरिले.

आई म्हणाली, 'कधीपासून?' लेक म्हणाली, 'पावसाळ्यापासून.' आई म्हणाली, 'आणि मला छान छान म्हणत होतीस होय गं?' लेक म्हणाली, 'तुला मेसेज येत होता ना. तू इतकी खूश असायचीस.' ऐसे म्हणोन ती आईच्या खांद्यावर पडोन रडू लागली. हा मजकूर लिहिताना आम्हांसही राहवत नाही. मग कुसुमबाई महाराजांकडे वळोन म्हणाल्या, 'साहेब, पोरगी आनंदात आहे असं तुम्ही मला लिहीत होता. कुणाला विचारून लिहीत होता?' महाराज भोईट्यांच्या कानी लागोन पुसते जाहले, 'संवाद झकास आहेत. कुणी लिहिलेत?' भोईट्यांनी मान लवविली आणि ते श्रेय मुकाट आपल्या पदरी घेतले. मंडळाचे प्रमुख म्हणाले, 'पालकांचा इतका सहभाग आम्ही कुठंही पाहिला नाही.' आणि मायलेकींस व्यासपीठावर श्रीफळ देण्याचा हुकूम जाहला, तोवर त्या उभयता मागल्या दाराने निघोन गेल्या होत्या. एस.टी. वेशीबाहेर पडावयाच्या आधीच मुलीस झोप लागली, ऐसे मागाहून कळले.

मंडळाने सर्वांहून वरचे अक्षर दिले, महाराजांनी पेढे वाटिले आणि खुर्च्या महालात परत गेल्या. दुसरे दिवशी सकाळी पाहातात तो नाट्यविभागाच्या दारी मुलामुलींची रांग, ती पार वसतिगृहापर्यंत गेलेली. तोंडे उतरलेली, मोबाईलही कोणी काढीत नाही. भोईट्यांनी जाऊन विचारिले, 'काय पाहिजे?' तेव्हा पुढे उभ्या मुलाने विचारिले, 'सर, ते दुःखी व्हायचं काम अजून आहे का? काल तिचं सगळ्यांनी ऐकलं.' महाराज गच्चीवरोन रांग पाहात होते. ते गहिवरोन म्हणाले, 'आपल्या राज्यात नाट्यकलेची केवढी ही गोडी,' आणि तत्क्षणी नाट्यमहोत्सव मंजूर केला.

येणेप्रमाणे राज्यास श्रेणी प्राप्त जाहली आणि महाल रिता राहिला. हे लिहून पुरे करितो तेव्हा रांग तशीच उभी आहे. इति.