मेश्राम भाऊजींची दुसरी सर्व्हिस

आमचे शेजारी मेश्राम भाऊजी टेनिस खेळतात, आणि कुंपणाबाहेरून कोणी हातानं इशारा केल्याशिवाय सर्व्हिस करत नाहीत. थट्टा नाही करत मी. रेषेवर उभे राहतील, चेंडू टप टप आपटतील आणि मान वळवून जाळीच्या बाहेर बघत बसतील. समोरचा माणूस तिकडे वाकून वाकून कंबर धरतो. बाहेरचा हात हलला की मगच यांचा हात वर. आणि तो बाहेरचा हात, सांगायला लाज वाटते, हल्ली माझा आहे.

मला टेनिसमधलं काय समजतं? काही नाही. मी रिसाली कॉलनीतली, कठडा धरून जिना चढणारी बाई. पण भाऊजींनी सारी नोकरी पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली, तिथून हे सगळं आलं. शेडच्या छताखाली पिंजऱ्यात बसायचं आणि वितळलेल्या लोखंडानं भरलेलं, खोलीएवढं भांडं इकडून तिकडे न्यायचं. खाली सिग्नलमन उभा असतो. त्यानं बोट वर करून फिरवलं की उचलायचं, त्याला हे लोक 'हापेस' म्हणतात. तळहात खाली दाबला की सोडायचं, ते 'आरिया'. मूठ आवळली की जिथे असेल तिथे थांब. आणि लेकराला थोपटल्यासारखा हात केला की धीरे. इशारा नाही, तर क्रेन हलणार नाही. ही शिस्त भाऊजींच्या हाडात अशी शिरली की रिटायर झाल्यावर गॅसवरचं दूध उतरवतानाही ते बायकोच्या हाताकडे बघायचे. शांता हसत हसत तळहात दाबायची, "आरिया, आरिया! सांडन आता!"

टेनिसला त्यांना शांतानंच लावलं. दिवसभर घरात पायात पायात येणारा माणूस, म्हणाली, जा बरं क्लबात. हे गेले ते अडकलेच. ती कुंपणाबाहेर भाजी निवडत बसायची आणि मधूनच हात हलवायची. शांता वारली तेव्हापासून रॅकेट खुंटीवर होती. मग एका सकाळी भाऊजी आमच्या फाटकात उभे.

"वहिनी, तुमी सकाळच्या रिकाम्या असता काय?"

"कावून?"

"मले सिग्नलमन पाहिजे."

आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं काढलं. "हिले नका नेऊ, मेश्राम. हिच्या इशाऱ्यावर मी जन्मभर चालून राहिलो, कुठीच नाही पोचलो."

पण गेले मी. शांताच्या जागी उभं राहायचं म्हटल्यावर नाही कशी म्हणू?

भाऊजींचा सगळा अभ्यास क्रेनच्या भाषेत. सर्व्हिसच्या आधी चेंडू वर फेकतात ना, तो त्यांच्या हिशेबानं लोड, म्हणजे क्रेनला लटकलेलं ओझं. "लोड झुलला का खेळ खतम." म्हणून रोज अंगणात चेंडू सरळ वर फेकायचा आणि तो त्याच फरशीवर पडतो का पाहायचं. मोबाइलवर इंग्रजी कोचचे व्हिडिओ बघायचे, तेही आवाज बंद करून. मी विचारलं, ऐकत का नाही? तर म्हणे, "त्याचं तोंड कायले पाहाचं? हात पाहाचा."

सगळं जमत आलं होतं, एक दुसरी सर्व्हिस सोडून. पहिली चुकली तर दुसरी मारायला मिळते, आणि तीही चुकली तर पॉइंट फुकट जातो, एवढं मला आता कळतं. भाऊजींची पहिली धाडकन जायची. दुसरीला मात्र हात असा आखडायचा की चेंडू जाळीच्या पायाशी जाऊन निजायचा. दुसऱ्या सर्व्हिसपायी ते आयुष्यात एकही मॅच जिंकले नव्हते.

आणि असा माणूस पैज लावून बसला.

त्यांचा मुलगा नितीन पुण्याला असतो. आईच्या मागं एकदा वडिलांना बाथरूममध्ये चक्कर आली, तेव्हापासून त्याचं एकच सुरू, घर बंद करा, इकडे या. फोन स्पीकरवर असतो, आम्हालाही सारं ऐकू येतं. एक दिवस भाऊजी चिडले. "मी काय मोडकळीले आलो? क्लबाच्या टूर्नामेंटमधी मॅच जितून दाखवतो. जितलो तं पुण्याचं नाव काढाचं नाही. हारलो तं मी बॅग भरतो."

"पक्का, पप्पा?"

"पक्का!"

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, आता तुमच्याच हातात हाय."

मॅचसाठी चिठ्ठीत समोर नाव निघालं भौमिकबाबूंचं. अकाउंट्समधले, बारीक, चलाख, चेंडूला कापून मारणारे. भाऊजी रोज आमच्या जेवणाच्या टेबलावर कोर्ट मांडायचे. मधलं लाटणं म्हणजे जाळी, मिठाची बरणी भौमिकबाबू. "हे पाहा, वहिनी. पहिले आरिया. छोटा बॉल, जाळीच्या जवळ. बाबू पळत येईन. मंग हापेस, डोक्यावरून. बाबू वापस पळन. त्याचे गुडघे आपल्या पार्टीत हाय."

"गुडघ्यांबद्दल असं बोलू नका, भाऊजी. माझे ऐकून राहिले."

मी स्वयंपाक करता करता इशाऱ्यांची प्रॅक्टिस करायची. एकदा कणकेच्या हातानं खिडकीत मूठ आवळली, तर बाहेर दूधवाला ब्रेक दाबून उभा. "क्या हुआ, अम्मा?" जेवण जाईना. माझा हात चुकला तर एका माणसाचं घर बंद होणार, ही काय गंमत आहे?

मॅचच्या सकाळी नितीन आला. स्टेशनवरून थेट क्लबात, माझ्या शेजारच्या खुर्चीत. हळूच म्हणाला, "काकू, सच बोलू? हारले तर बरंच आहे. रात्री फोन वाजला की माझा जीव जातो." त्याचंही मला पटलं. मग मी कुणाच्या बाजूनं हात हलवायचा, सांगा!

पण हलवला. आरिया म्हटलं की चेंडू जाळीपाशी टपकायचा, भौमिकबाबू धावत यायचे. हापेस म्हटलं की डोक्यावरून जायचा, ते हाश्श हुश्श करत मागं. भाऊजी पुढे गेले. तेवढ्यात एक डास आला. मी तो मारायला हात वर फिरवला, भाऊजींनी लगेच चेंडू आभाळात उडवला आणि तो नेमका मागच्या रेषेवर पडला. पॉइंट आमचा! पण भौमिकबाबू तिथेच थांबले आणि चष्मा पुसून माझ्याकडे बघायला लागले.

"ये भाभीजी ट्रैफिक पुलिस हैं क्या?"

क्लबचे सेक्रेटरी पंच होते. त्यांनी दोघांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, आता बाहेरून कोणी इशारा केला तर पॉइंट समोरच्याला. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

मग जे व्हायचं ते झालं. भाऊजी रेषेवर उभे राहायचे, सवयीनं माझ्याकडे बघायचे, मी मान खाली घालायची. पहिली बाहेर, दुसरी जाळीत. परत पहिली बाहेर, दुसरी जाळीत. भौमिकबाबूंनी गाठलं, मागं टाकलं. पाणी प्यायला भाऊजी कुंपणाशी आले, तर बाटलीचं झाकण उघडेना.

मी म्हटलं, "भाऊजी, बॉल तं तुमाले दिसते. माह्याकडे कायले पाहता?"

"दिसते ना," ते म्हणाले. "क्रेनवरून बी दिसेच." आणि तसेच न पिता परत गेले.

शेवटी अशी वेळ आली की हा पॉइंट गेला की मॅच गेली. सर्व्हिस भाऊजींची. पहिली जाळीला लागली. राहिली दुसरी. भाऊजींनी चेंडू आपटला, एकदा, परत एकदा, आणि मान वळवली. माझे हात पदरात एकमेकांना करकचून धरलेले. भाऊजी बघतच राहिले, चेहरा पांढरा पडलेला, चेंडू आपटणंही थांबलं.

शेजारची खुर्ची सरकली. नितीन उभा राहिला होता. त्यानं हात पुढे केला, तळहात खाली, आणि हळूहळू थोपटला. धीरे. लहानपणी, भाऊजी फाटकातून स्कूटर काढायचे तेव्हा, आईच्या शेजारी उभा राहून हा पोरगा असाच हात करायचा, मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

भाऊजींचा चेंडू सरळ वर गेला, जराही झुलला नाही. सर्व्हिस जाळीवरून गेली आणि चौकटीच्या ऐन कोपऱ्यात पडली. इतकी सुंदर दुसरी सर्व्हिस त्यांनी जन्मात मारली नसेल. भौमिकबाबूंनी रॅकेटही उचलली नाही. नुसतं बोट नितीनकडे केलं.

सेक्रेटरी खाली बघत म्हणाले, "सॉरी, मेश्रामजी." पॉइंट गेला. मॅच गेली.

नितीन तसाच उभा, हात अजून पुढेच. "पप्पा... मेरे कारण..."

भाऊजींनी भौमिकबाबूंशी हात मिळवला आणि कुंपणाशी आले. मला वाटलं, आता ओरडतात.

"बॉल अंदर होता ना?" त्यांनी विचारलं.

"होता," नितीन म्हणाला.

"मंग ठीक."

"पप्पा, तुमी एवढे घाबरले कावून होते? मॅचच तं होती."

भाऊजी रॅकेट पिशवीत घालत होते. चेन लागत नव्हती. खाली बघूनच बोलले, "मॅचले नाही घाबरत रे. संध्याकाळी दिवा लावतो ना, तवा घाबरतो. सारं घर चूप असते. कुठी उभं राहाव, काय उचलाव, समजत नाही. सकाळी इथं येतो, वहिनी हात हलवते, तं बरं वाटते." मग चेन लागली. "चाल. शर्त हारलो मी. बॅग भरतो."

नितीननं पिशवी त्यांच्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्यावर घेतली. "मॅच मी हरवली ना? मंग शर्त बी मीच हारलो. बॅग माझीच इथे राहील. ऑफिसचं काम लॅपटॉपवर होते."

"अन् किती दिवस?"

"ते पाहू."

मी त्या दोघांच्या मागं मागं चालत घरी आले.

संध्याकाळी व्हरांड्यात वाळलेले कपडे काढायला गेले, तर शेजारच्या घरात दिवा लागला होता आणि लोखंडी खाट सरकवल्याचा आवाज येत होता. खिडकीतून दिसलं, भाऊजी आतल्या खोलीतली खाट ओढत पंख्याखाली आणत होते, आणि दारात उभा नितीन हात दाखवत होता. अजून थोडी. अजून. मग त्यानं मूठ आवळली.

भाऊजी थांबले. खाट हातानं हलवून पाहिली, आणि तिच्यावर धुतलेली चादर घालायला लागले.