सपनातली धपाटी

मालनताईंच्या स्वप्नात आपण आलो, की दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दारात वजनकाटा येतो. चाकणच्या कारखान्यांजवळच्या आमच्या कुरुळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मालनताई अंगणवाडी सेविका. त्यांची अंगणवाडी माझ्या भाड्याच्या खोल्यांतल्या पहिल्याच खोलीत भरते, म्हणून मी त्यांना पंचवीस वर्षं उंबऱ्यावर बसून पाहते आहे. अंगाने काटकुळ्या, पण चालणं असं, की पुढच्या आळीत आग लागली असावी. खांद्याला झोळी, झोळीत काटा, आणि तोंडात एकच वाक्य: "काल सपान पडलं बया."

सपान कुणाचंही पडे. माझा एखादा भाडेकरू शिफ्टच्या नादात दोन्ही वेळा वडापाववर काढत असला, की "भावा, सपनात लई सुकलेला दिसलास" म्हणत त्याच्या हातात मोड आलेले मूग ठेवत. एकदा त्यांनी माझी जाऊ सखू हिला गाठलं. नातवासाठी अंगणवाडीतून मिळणारं आहाराचं पाकीट सखू गुपचूप शेळीला घालायची.

"सखू, काल तुझी शेळी आलती सपनात."

"माझी शेळी?"

"व्हय. म्हनली, ताई, पाकीट लई ग्वाड हाय, पन मला एकटीला खाऊ वाटत न्हाई. नातवालाबी द्या म्हनावं."

सखू पुढे आठवडाभर शेळीकडे संशयाने बघत होती. पाकिटं मात्र त्या दिवसापासून नातवाच्या पोटात जाऊ लागली.

दुपारी खिचडी खाऊन मुलं सतरंजीवर आडवी होत. पंखा घरघरत असे, लांबून ट्रेलरचा आवाज येत राही, खोलीभर शिजलेल्या डाळीचा वास. मालनताई भिंतीला टेकून अर्धवट डोळे मिटून बसत. मलाही तिथे गुंगी यायची, आणि जागं काय, स्वप्न काय, हे निवडत बसायची इच्छाच उरायची नाही. तशाच गुंगीत मी एकदा विचारलं, "ताई, खरंच पडतात का हो ही स्वप्नं?"

"गप ग. झोप," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

मग माझ्या चौथ्या खोलीत लातूरकडची वैशाली राहायला आली. नवरा कंपनीत कंत्राटावर. काही महिन्यांनी कंपनीने त्याला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून बसवलं, आणि तो रोज सकाळी काम शोधत चाकणच्या चौकात उभा राहू लागला. दीड वर्षाचा ओम, काट्यावर ठेवला तर वजनाच्या तक्त्यावरच्या थेट लाल पट्ट्यात, म्हणजे अगदीच कुपोषित. मालनताईंनी आहाराचं पाकीट पुढे केलं, तशी वैशालीने दार लोटून घेतलं.

"आमाला फुकटचं नको. गावाकडं चार मानसं जेवू घालून मग जेवनारी मानसं आमी."

मी वैतागले. म्हटलं, पोराच्या बरगड्या मोजता येतात आणि हिला कसला अभिमान!

"तेवढाच ऱ्हायलाय तिच्याकडं," मालनताई म्हणाल्या. "त्यो काढून न्हाई घ्यायचा."

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी त्यांनी वैशालीची कडी वाजवली. "काल सपान पडलं बया. तू मला धपाटी करून वाढत व्हतीस. सकाळपास्नं जिभंवरनं चव जाईना. करशील का ग? पीठ मी आनलंय."

पाहुणी दारात उभी राहून जेवायला मागते म्हटल्यावर वैशाली नाही कशी म्हणेल? तिने तवा ठेवला. मालनताईंनी ओमला मांडीवर घेतलं आणि जेवायला बसल्या. एक घास आपल्याला, दोन त्याला, दह्यात कुस्करून.

दुसऱ्या दिवशीच्या स्वप्नात धपाट्यात शेवग्याचा पाला होता. माझ्या परसातल्या शेवग्यावर संक्रांत आली. तिसऱ्या दिवशी स्वप्नात उकडलेलं अंडं निघालं. चौथ्या दिवशी वैशालीनेच हसून विचारलं, "आज काय होतं सपनात?" पुढे पुढे तर ती शेजारणींना शिकवू लागली, की पाला बारीक चिरा, डाळ आधी भिजवा, आणि लेकराला नुसत्या चहा-बिस्किटावर ठेवू नका.

ओम लालमधून पिवळ्यात आला आणि दिवाळीच्या तोंडावर हिरव्यात. नवऱ्यालाही दुसऱ्या कंपनीत काम लागलं. वैशालीने पेढे वाटले. सगळ्या बाया हसत होत्या, मालनताई तेवढ्या खाली मान घालून काटा पुसत होत्या.

बाया गेल्यावर मी विचारलं, काय झालं.

"काय न्हाई. उद्यापास्नं तिच्याकडं जायाला कारन ऱ्हायलं न्हाई." मग काटा झोळीत ठेवत म्हणाल्या, "मला कवा सपान पडत न्हाई ग. पन तिथं बसले, की ती म्हनायची, 'थांबा, गरम वाढते.' आमचं मानूस गेलं त्याला तेरा वर्सं झाली. गावच्या पोरांला भरवत फिरते, पन मला कुनी गरम वाढलं नव्हतं."

मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून, आणि माझ्या घरून त्यांना चहापलीकडे काही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालनताई अंगणवाडीला कुलूप लावत होत्या. तेवढ्यात ओमला कडेवर घेऊन वैशाली लगबगीने आली.

"ताई, चला बरं. लेकरू घासच घेईना बगा तुमच्याबिगर."

अर्ध्या तासापूर्वी ओमने अख्खं धपाटं फस्त केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ओठाला दही अजून वाळलेलं होतं. लांबून पोराची भूक ओळखणाऱ्या मालनताईंनी त्याच्या टम्म पोटाकडे पाहिलं, मग वैशालीकडे पाहिलं.

"अगं बया, उपाशी ऱ्हायलं व्हय माझं लेकरू!" म्हणत त्या घाईघाईने चपला शोधू लागल्या.

चपला त्यांच्या पायातच होत्या.