निंबाजीराजे रांगले ते दिवसाची हकीकत

पाळण्याची दोरी जिचे हातीं, त्या आईस दंडवत घालोन हकीकत लिहिली ऐसी जे. शके सोळाशें एकुणसत्तर, प्रभवनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासीं महाराजांस दुसरे पुत्र जाहले. साखर वाटली, परंतु नगारा वाजविला नाही. कारण की, थोरले राजपुत्र आठ महिन्यांचे होऊन, रांगावयाचे आधींच, तापानें देवाघरीं गेले होते. आणि दरबारचे जोशीबुवा यांणीं विनंती केली की, थोरल्यांस सर्वांनीं फार खेळविलें, फार हाका मारिल्या, त्या भलत्याच कोणी ऐकिल्या. तरी धाकट्यांशीं वर्षभर कोणी बोलूं नये, नांवानें पुकारूं नये, म्हणजे ते कोणाचे ध्यानीं येणार नाहींत. महाराजांस तें पटलें. मग हुकूम सुटला, आणि हत्तीच्या घंटा उतरविल्या, आणि दासींनीं पैंजण काढिले, आणि भाट मुका बैसला, तेणेंकरून मात्र सर्वांस बरें वाटलें. बारशाचे दिवशीं महाराजांच्या भगिनी सगुणाबाई, बाळाच्या आत्या, यांणीं रीतीप्रमाणें बाळाचे कानीं नांव सांगितलें. आत्येचे पाठींत बुक्के मारावयाचे, ते बायकांनीं नुसते हात टेकविले. नांव कोणतें, तें सगुणाबाईंवांचून कोणास कळलें नाही. त्यांणीं थोरल्याचेंच नांव धाकट्यास दिलें होतें. दुसरें त्यांस सुचेना.

तिसरे महिनीं राजपुत्रांनीं मान धरिली, पांचवे महिनीं पालथे पडले. पालथे पडल्याच्या करंज्या तळिल्या, त्याही चुरचुर होऊं नये म्हणोन कोमट तुपांत. त्या कोणास खाववल्या नाहींत. परंतु राजपुत्र हुंकार देईनात. अंगाई नाही, खुळखुळा नाही, समोर तोंड नेऊन कोणी जीभही काढोन दाखवीना. राणीसाहेब पाजावयास घेत, त्याही ओठ मिटोन. म्हातारी दाई भागू बाळास तेल चोळतां चोळतां सगुणाबाईंचे कानाशीं लागली.

"बाईसाहेब, पोराशी माणसं बोलायची न्हाईत, तर पोरानं बोलणं शिकायचं कुणाकडनं? भिंतीकडनं?"

सगुणाबाईंनीं तीस गप्प केलें. पुढें सातवे महिनीं राजपुत्र बसूं लागले, आणि टाळ्या वाजवूं लागले. टाळी कोणी शिकविली, हें सगुणाबाईंनीं एकेकीस विचारिलें, कोणीच नाही. मग दुपट्याचें टोंक तोंडावर ओढोन झटकन खालीं करीत आणि हसत, तेंही थोरल्याची बंद खोली होती तिकडे पाहोन. हसण्यास आवाज नसे. मग एके दिवशीं त्यांणीं इवल्या मुठीनें जमिनीवर तीन वेळ ठोकिलें, आणि तळवा उघडोन वाट पाहिली. सगुणाबाईंचे हातची तेलाची वाटी कलंडली. तो खेळ त्यांचाच. थोरल्यास मांडीवर घेऊन त्यांणींच रचिला होता, तीन ठोके आणि मग तळव्यावर तळवा; दुसऱ्या कोणास तो ठाऊक नव्हता. आणि पाहतां पाहतां राजपुत्रांचा तळवा, वरोन कोणी हात ठेवावा तैसा, किंचित खालीं गेला.

हें ऐकोन भागूनें आधीं बाळाची दृष्ट काढिली. मग म्हणाली, "कुणीतरी खेळवतंय, म्हणून तर बसाय लागलं. आपण कुठं खेळवलं? पण आता रांगंल, बाईसाहेब. पहिला उंबरा ज्याच्या दारचा ओलांडंल, त्याच्या घरचं व्हतंय पोर."

फाल्गुन वद्य तृतीयेस, दोन प्रहरीं, उन्हाची पट्टी फरशीवर पडली असतां राजपुत्र गुडघ्यांवर आले, डुलले, आणि रांगूं लागले, ते नीट बंद खोलीकडे. कडी घातलेलें कवाड चार बोटें उघडें होतें. आंत थोरल्याचा लाकडी खुळखुळा वाजत होता, हळू, लहान हातानें वाजवावा तैसा. सगुणाबाई उठल्या आणि थांबल्या. उचलोन आणिलें तरी उद्यां पुन्हा तिकडेच जाणार. इकडे त्यांस बोलावणारें होतेंच कोण? मग त्यांणीं हुकूम मोडिला.

"निंबाजी," त्या मोठ्यानें म्हणाल्या.

राजपुत्र थांबले. आणि खुळखुळाही थांबला. आणि कवाड आणखी चार बोटें उघडलें. तेव्हां सगुणाबाईंस उमगलें की, एका हाकेस दोघे आले. त्या फरशीवर फतकल मारोन बैसल्या आणि कवाडाकडे पाहोन बोलल्या.

"थोरल्या, तू छान खेळवलंस हो ह्याला. आम्ही भ्यालो, म्हणून तुला एकट्याला पुरं पडावं लागलं. आता ह्याला माझ्याकडे सोड. तुला नाही रे विसरायची."

मग त्यांणीं जमिनीवर तीन वेळ ठोकिलें आणि तळवा उघडिला. बराच वेळ कांहीं जाहलें नाही. मग आंत खुळखुळा पडल्याचा आवाज आला, आणि राजपुत्र वळले, आणि थपथप करीत आले, आणि आत्येचे तळव्यावर तळवा ठेवोन, जन्मापासोन कोंडलेला आवाज सोडिला. "त्ता," म्हणाले. तो साऱ्या महालानें ऐकिला. राणीसाहेब धावत आल्या आणि पदराआड तोंड लपवोन, मग काढोन, पुन्हा लपवोन दाखवूं लागल्या, रडतही होत्या. महाराज सदरेवरोन शिक्षा द्यावयास आले, तों पुत्रांनीं त्यांची मिशी धरिली. मग महाराज असे कांहीं बोबडें बोलले की, जोशीबुवांनीं पोथी बांधली. घंटा पुन्हा चढल्या, पैंजण वाजले, भाटही गाऊं लागला, त्यास इलाज नाही.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. सारांश, खेळविलें म्हणोन पोर वाढलें. कोणीं कोणीं खेळविलें, तें पुरतें लिहितां येत नाही. आषाढांत राजपुत्रांनीं पहिलें पाऊल टाकिलें. डाव्या मुठींत आत्येचें बोट होतें. उजवा हात तैसाच बाजूस धरिला होता, मूठ मिटोन, आपल्याएवढ्याच कोणाचा हात धरावा तैसा. लोक म्हणाले, जरा भरभर चालवा. सगुणाबाईंनीं ऐकिलें नाही. पलीकडच्याचेंही तें पहिलेंच पाऊल होतें.