कप्तान घोंगडीचा बाप

कप्तान घोंगडीचा बाप मीच! छातीवर हात मारून सांगतो. ज्याला पटत नसेल त्यानं कवठे महांकाळच्या पलीकडं आमच्या गावात यावं, आदगोंडा मास्तर कुठं राहतात म्हणून विचारावं आणि समोर बसून भांडावं. चहा पाजीन, पण ऐकून घेणार नाही! गावाचं नाव मात्र सांगणार नाही. गावाला नगरपालिका आहे आणि माझा नळ तिच्या हातात आहे.

एकोणनव्वद सालची गोष्ट. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमासाठी लिहीत होतो. तेव्हा जो तो परदेशी वीर पाठीला तलम पडदा बांधून उडायचा. मी म्हटलं, असल्या पडद्यात हा माणदेशात उडाला तर पहिल्याच बाभळीला अडकेल! आपल्या वीराच्या पाठीला घोंगडीच पाहिजे. काळी, खरखरीत, चार पावसाळे काढलेली. असा कप्तान घोंगडी जन्माला आला. दिवसा म्हसवडच्या पोस्टात शिक्के मारायचा आणि संकट आलं की आजीची घोंगडी बांधून उडायचा.

आता रेडिओवर उडणं दाखवायचं कसं? आम्ही माईकसमोर खरी घोंगडी फडफडवली. त्यातून जी धूळ उठली, तिनं खलनायक, निवेदिका आणि मी असे तिघं एकदम शिंकलो. श्रोत्यांची पत्रं आली, "उडताना जो स्फोट होतो तो फार आवडला." झालं! पुढं तेराच्या तेरा भागांत प्रत्येक उड्डाणाला आम्हाला शिंकावं लागलं.

पुढच्या वर्षी त्याची चित्रकथा निघाली. चित्रं काढली माझा दोस्त चांदसाहेब यानं. मूळचा म्हसवडचा, आमच्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रेडिओवर कप्तानाला कुणी पाहिलंच नव्हतं. त्याला चेहरा दिला चांदसाहेबानं, मिशा दिल्या चांदसाहेबानं, घोंगडीची गाठ डाव्या खांद्यावर मारली तीही त्यानंच.

"डाव्याच का रे?" मी विचारलं.

"उजवा हात मारामारीला मोकळा नको व्हय?" तो म्हणाला.

छापली ती सांगलीच्या एका छापखान्यानं. आत ना माझं नाव, ना चांदसाहेबाचं! फक्त शेवटच्या पानावर, 'सर्व हक्क प्रकाशकाधीन'. मी तावातावानं गेलो तर मालक म्हणाला, "मास्तर, ती ओळ जुळवूनच ठेवल्याली असते. समद्यांवर पडते." खरंच पडायची! माझ्या मेव्हणीच्या लग्नपत्रिकेवरसुद्धा सर्व हक्क प्रकाशकाधीन होते.

तेव्हाच माझे डोळे उघडले. एका जाणकार लेखकानं सल्ला दिला, "मूळ संहिता स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाठवा. पाकीट आलं की फोडायचं नाही! पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते. कुणी चोरी केली तर चारचौघांत फोडायचं." मी लगेच पाठवलं. पाकीट आलं, लोखंडी ट्रंकेत ठेवलं आणि पस्तीस वर्षं त्याला हात लावला नाही. अशी दूरदृष्टी असते का हो कुणाकडं?

आणि परवा काय झालं? आमची सून कीर्ती मोबाईल घेऊन धावत आली. "बाबा, टीव्हीवर तुमचा कप्तान येणार हाय!"

बघतो तर खरंच! नाव कप्तान घोंगडी, मिशा त्याच, म्हसवडचं पोस्ट तेच आणि पाठीला काय? लालभडक सॅटीन! झुळझुळीत! माझ्या घोंगडीचं ह्यांनी पडद्याचं कापड केलं! मी असा ओरडलो की आमची गुणमाला लाटणं घेऊनच बाहेर आली.

"आवं, काय झालं?"

"चोरी!"

"काय गेलं?"

"घोंगडी गेली, घोंगडी!"

तिनं दांडीवर बघितलं. "हाय की तितंच."

बायकोला हक्क म्हणजे काय हे समजावण्यात माझी अर्धी सकाळ गेली. मला पैसा नको होता हो! मला फक्त एक ओळ पाहिजे होती. मालिका सुरू होताना पडद्यावर, 'मूळ कल्पना' आणि पुढं माझं नाव. सोमवारी पहिला भाग होता. मालिकेचं चित्रीकरण साताऱ्याजवळ चाललेलं आणि कंपनीची कचेरीही तिथंच. चांदसाहेबाला घेतलं, पाकीट पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं सातारा गाठलं.

कचेरीत अपेक्षा नावाच्या बाई होत्या. वयानं माझ्या शेवटच्या बॅचच्या विद्यार्थिनीएवढ्या, पण वागायला नम्र. त्यामुळं माझी पंचाईत झाली. भांडण पाठ करून आलो होतो.

"सर, चित्रकथेचे हक्क आम्ही छापखान्याच्या वारसांकडून रीतसर घेतलेत," त्या म्हणाल्या. "पण कल्पना तुमची असेल तर नाव आम्ही आनंदानं देऊ. फक्त काहीतरी पुरावा हवा. रेडिओचं रेकॉर्डिंग आहे?"

"ती टेप पुसून तिच्यावर द्राक्षावरच्या भुरी रोगाचं भाषण घेतलं," मी म्हणालो. "पण हे बघा!"

आणि मी पाकीट काढलं! लाखेची मोहोर, पोस्टाचा शिक्का, सगळं जिथल्या तिथं. अपेक्षाबाईंनी वकिलांना बोलावलं, वकिलांनी आणखी दोघांना बोलावलं. कॅमेरावाला सुद्धा येऊन उभा राहिला. मी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि मोठ्या मनानं कागद अपेक्षाबाईंच्या हातात दिले. "वाचा! मोठ्यानं वाचा!"

त्यांनी वाचायला सुरुवात केली. "'महोदय, गेले अकरा दिवस आमच्या गल्लीत नळाला पाण्याचा थेंब नाही. बायाबापड्या घागरी घेऊन वणवण फिरत आहेत...' वा सर! काय सुरुवात आहे! म्हणजे आधी दुष्काळ आणि मग कप्तानाची एन्ट्री!"

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला, पण बाई रंगात आल्या होत्या.

"'मुख्याधिकाऱ्यांच्या घरी मात्र रात्रंदिवस पाणी वाहते.' म्हणजे हा खलनायक! 'आपण झोपला आहात काय?' बाप रे, संवाद काय धारदार आहेत!" त्यांनी पान उलटलं. "'सबब आमच्या वॉर्डातील व्हॉल्व्ह तातडीने दुरुस्त करावा ही नम्र विनंती. ता. क. आमची मोरीसुद्धा कोरडी आहे.'"

कॅमेरावाला हळूच निघून गेला.

"सर," अपेक्षाबाई म्हणाल्या, "यात कप्तान कुठं आहे?"

कुठं असणार! संहिता पोस्टात टाकली त्याच दिवशी मी पाणीपुरवठा विभागाला पाच पानी तक्रार लिहिली होती. दोन्ही पाकिटं सारख्याच खाकी रंगाची, दोन्ही एकाच टेबलावर. म्हणजे माझी तक्रार पस्तीस वर्षं माझ्याच ट्रंकेत होती आणि कप्तान घोंगडी गेला होता नगरपालिकेत! आणि मी इतकी वर्षं बोंबलत होतो की पाण्याच्या तक्रारीला साधं उत्तरसुद्धा येत नाही!

तिथूनच गुणमालाला फोन लावला. "पाकिटांवर पत्ते तू लिहिलेस!"

"पत्तं मी लिवलं. आत कोंबलं कुणी?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अपेक्षाबाईंनी शनिवारपर्यंत मुदत दिली. शनिवारी नावं पक्की होणार होती. शुक्रवारी सकाळी नगरपालिकेचं दार उघडायच्या आधी मी आणि चांदसाहेब पायरीवर हजर! जुन्या दप्तराच्या खोलीत नाथाजी नावाचा कारकून होता. मी म्हटलं, "पस्तीस वर्षांपूर्वीचा एक कागद पाहिजे." मला वाटलं हसेल. तो उठला, गठ्ठा झाडला आणि दहा मिनिटांत फाईल टेबलावर टाकली. माझा नळ ह्यांना सापडत नाही, पण कागद सापडतो!

फाईलवर लिहिलं होतं, 'अर्ज क्रमांक ४१७. विषय: कप्तान घोंगडी यांचे उड्डाणाबाबत.'

आत माझी संहिता होती! माझं अक्षर, माझी सही, वर आवकचा गोल शिक्का, तारखेसकट. मला भरून आलं. पण समासात लाल शाईनं शेरे होते. नाथाजीनं ते वाचून दाखवले.

"'सदर इसम कोणत्या वॉर्डातील, याची चौकशी व्हावी.' खाली उत्तर हाय, 'घरोघर फिरून चौकशी केली. घोंगडी आडनावाचे कुटुंब आढळले नाही.' मग साहेबांचा शेरा, 'पान चारवर सदर इसम पाण्याच्या टाकीवर उतरत असल्याचे नमूद आहे. बाब गंभीर आहे. तात्काळ फलक लावावा.'"

"म्हणजे ती पाटी..." मी म्हणालो.

आमच्या टाकीवर पस्तीस वर्षं एक पाटी आहे, 'टाकीवर वरून उतरण्यास सक्त मनाई आहे.' गावात येणारा प्रत्येक पाहुणा ती वाचून थबकतो.

"आरं गड्या, ती पाटी म्याच रंगवल्याली!" चांदसाहेब ओरडला. "तवाच मी साहेबाला इचारलं, वरनं कोन उतरतंय? साहेब म्हणला, तू रंगव, तुला काय करायचंय!"

"हा कागद मला द्या," मी नाथाजीला म्हणालो.

"आवं मास्तर, असं कसं? दप्तरात आलं की ते सरकारचं."

"पण लिहिलंय मी!"

"लिवलं तुमी, पर अर्ज आमाला केला न्हवं?"

मी टेबलावर मूठ आपटली. धूळ उडाली आणि आम्ही तिघंही शिंकलो. शेवटी असं ठरलं की नाथाजी त्याची खरी नक्कल काढणार, दाखला जोडणार आणि ऑफिसच्याच मेलवरून साताऱ्याला पाठवणार. माझ्या हातात काही देता येत नाही म्हणाला. तरी त्यासाठी मला अर्ज करावा लागलाच, 'माझ्या अर्जाची नक्कल मिळणेबाबत अर्ज.' संध्याकाळी अपेक्षाबाईंचा फोन आला, "सर, दाखला मिळाला! वकील खूश आहेत. सरकारी शिक्का आहे, आता प्रश्नच मिटला. अगदी दाखल्याप्रमाणंच नाव देतो!"

मी गल्लीत पेढे वाटले.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता आमच्या बाहेरच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी, माझे जुने विद्यार्थी, नाथाजीसुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. चांदसाहेब माझ्या शेजारी, त्याच्या बायकोनं, सुगराबी वहिनींनी करून दिलेला शिरखुर्म्याचा डबा मांडीवर. संगीत सुरू झालं. लाल सॅटीन फडफडलं. मी म्हटलं, फडफडू दे, आज माफ केलं. आणि पडद्यावर अक्षरं आली.

'मूळ कल्पना: पाणीपुरवठा विभाग.'

आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात, 'अर्जदार: आदगोंडा बाळगोंडा पाटील.'

नाथाजीनं टाळ्या वाजवल्या!

"पाणीपुरवठा?" मी उभाच राहिलो. "अहो, ह्या खात्याला उभ्या जन्मात मला बादलीभर पाणी देता आलं नाही आणि ह्यांनी कप्तान घोंगडी दिला? कुणाचं डोकं, कुणाची घोंगडी आणि नाव कुणाचं! आणि मी कोण, तर अर्जदार? ज्यानं निर्माण केलं त्याला काही किंमत आहे की नाही ह्या देशात?"

"बाबा, नाव आलं की पर!" कीर्ती समजूत घालत होती.

मी आणखीही पुष्कळ बोललो असतो. पण चांदसाहेब टीव्हीकडं बघत हळूच म्हणाला, "मिशी मी काढल्याली तशीच ठेवलीया बघ. गाठ बी डाव्या खांद्याला हाय." मग मांडीवरचा डबा चाचपत म्हणाला, "आदगोंडा, चित्रवाल्याचं नाव नसतंय व्हय रं?"

आता तुमच्यापासून काय लपवू? साताऱ्यात अपेक्षाबाईंनी मला विचारलं होतं. "चित्रं कुणी काढली, सर? त्यांचंही नाव देऊ." चांदसाहेब तेव्हा खाली चहा सांगायला गेला होता. आणि मी म्हणालो होतो, "ते नंतर बघू. आधी माझं बघा."

मी हे तिथं सगळ्यांसमोर सांगितलं. न सांगून करतो काय? गुणमाला पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"पस्तीस वर्सं हक्क हक्क करून घर डोक्यावर घेतलंसा," ती म्हणाली, "आन् ह्यांचं नाव सांगाय तुमची जीभ झिजत हुती? बसा! आत्ताच्या आत्ता अर्ज लिवा!"

मालिका तशीच चालू ठेवून मी बसलो. मन लावून लिहिलं, खोटं सांगत नाही. 'कप्तान घोंगडीचा चेहरा, मिशा, डाव्या खांद्यावरची गाठ व एकूण रूप ही सर्वस्वी चित्रकार श्री. चांदसाहेब यांची निर्मिती असून, त्यांचे नाव ठळक अक्षरात देण्यात यावे. कलावंताचे श्रेय दुसऱ्याच्या नावे जाणे हा घोर अन्याय आहे.' लिहिताना माझेच डोळे ओले झाले. कागद चांदसाहेबाच्या हातात दिला.

त्यानं चष्मा लावला, दोनदा वाचला आणि मान डोलावली.

"झ्याक लिवलाईस गड्या," तो म्हणाला. "फकस्त खाली अर्जदार म्हणून तुजंच नाव घातलंयस."